उष्ण मुलखातली थंडी : पारा पाहू नका, वारा ओळखा

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत महाराष्ट्रावर अवकाळी पाऊस कोसळला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता, उत्तरेकडून पश्चिमी झंझावात आला होता आणि दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडली. दिवसभर रिपरिप, ढगांनी झाकलेला सूर्य आणि सोबत बोचरा वारा. शहरात आपण कपाटातले स्वेटर काढले, चहा जास्त प्यालो आणि विषय संपला. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर, संगमनेर या भागांत मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळेच दृश्य होते. उघड्या माळावर बसवलेली मेंढरे जागच्या जागी गारठून मेली होती. एकट्या पुणे जिल्ह्यातच मेलेल्या मेंढ्या-शेळ्यांचा आकडा हजाराच्या वर गेला. रानोमाळ फिरून पोट भरणाऱ्या कित्येक धनगर कुटुंबांची सारी पुंजी एका रात्रीत गेली.

त्या दिवशी पारा शून्याच्या जवळपासही नव्हता. बर्फ पडला नव्हता. मग अंगावर लोकर असलेले जनावर थंडीने मेले कसे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने समजून घ्यायला हवे. आपण उष्ण मुलखातले लोक. उन्हाचा इशारा आला की आपण सावध होतो, पुराचा आला की घाबरतो. पण थंडीचा इशारा आला की हसतो. ‘आपल्याकडे कसली आली थंडी?’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. कोकणपट्टीत तर जास्तच.

एकाच अक्षांशावरचे दोन डोंगर

मुलांच्या नकाशावर एक बोट ठेवून पाहा. नवी मुंबई उत्तर अक्षांश १९ अंशांवर आहे. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई साडेएकोणीसच्या थोडे पुढे. आता बोट त्याच रेषेवरून पूर्वेकडे सरकवत पॅसिफिक महासागराच्या मध्यापर्यंत न्या. तिथे हवाई नावाची बेटे आहेत, अमेरिकेचे एक राज्य. नारळ, केळी, अननस, निळा समुद्र. लोक तिथे ऊन खायला जातात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या बेटावर मौना केआ नावाचा डोंगर आहे. त्याचा अक्षांश जवळजवळ कळसूबाईचाच. नावाचा अर्थ ‘पांढरा डोंगर’, कारण हिवाळ्यात त्याच्या माथ्यावर बर्फ पडतो.

आपल्याकडे मेंढरे मेली त्याच आठवड्यात, ३ डिसेंबर २०२१ रोजी, अमेरिकेच्या हवामान खात्याने हवाईच्या त्या शिखरांसाठी हिमवादळाचा इशारा दिला होता. फूटभर बर्फ आणि ताशी १६० किलोमीटरपर्यंत वाऱ्याचे झोत येतील, असा अंदाज होता. खाली किनाऱ्यावर नारळाची झाडे आणि वर हिमवादळ, ही बातमी जगभर नवलाईने वाचली गेली.

पण यात नवल कमी आणि हिशेब जास्त आहे. वर चढत जावे तशी हवा थंड होते. ढोबळ मानाने दर १००० मीटरला साडेसहा अंश. मौना केआची उंची ४२०७ मीटर. म्हणजे समुद्रकिनारी २६-२७ अंश असताना शिखरावर पारा शून्याजवळ असणारच. आपला कळसूबाई १६४६ मीटर, महाबळेश्वर सुमारे १३७० आणि माथेरान सुमारे ८०० मीटर. त्यामुळे आपल्याकडे हिमवादळ येत नाही, ही अल्लाहची मेहेरबानी. पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या पहाटे दव गोठते आणि गवतावर पांढरा थर दिसतो, हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रात पाहतोच. खुद्द मुंबईत, सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी किमान तापमान ७.४ अंशांवर आले होते. समुद्र जवळ आहे म्हणून थंडी कधीच येणार नाही, असा करार कोणी केलेला नाही.

वारा काय करतो?

आपले शरीर आतून सदतीस अंशांवर चालते. त्वचेला लागून हवेचा एक पातळ थर असतो. शरीर तो थर गरम करते आणि तो आपल्याला अदृश्य चादरीसारखा पांघरून राहतो. वारा नसेल तर ही चादर टिकते. वारा सुटला की ती उडून जाते, शरीर नवी चादर तयार करते, तीही उडते. पारा तोच राहतो. अंगातली ऊब मात्र भराभर जाते. थर्मामीटर हे सांगू शकत नाही, कारण त्याला स्वतःचे अंग गरम ठेवायचे नसते.

हा हिशेब मांडण्याची सुरुवात अंटार्क्टिकात झाली. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी वेगवेगळ्या वाऱ्यात पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजले आणि १९४५ मध्ये निष्कर्ष छापले. अमेरिका आणि कॅनडात आज वापरतात ते सुधारित सूत्र २००१ चे आहे. त्या सूत्राने पाहिले तर १० अंश तापमानात ताशी १० किलोमीटर वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला साधारण साडेआठ अंशांइतकी थंडी लागते. वारा ताशी ३० झाला की साडेसहा, ५० झाला की साडेपाच. मौना केआच्या माथ्यावर उणे ५ अंश आणि ताशी ८० किलोमीटर वारा धरला, तर तीच थंडी उणे १७ अंशांसारखी भासते.

पण हा तक्ता कोरड्या चेहऱ्यासाठी आहे. अंग ओले असेल तर गोष्ट फार वेगळी होते. हे समजायला प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघर पुरे. उन्हाळ्यात आपण माठाभोवती ओले फडके गुंडाळतो आणि माठ वाऱ्याच्या झुळकीत ठेवतो. फडक्यातले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. पाणी थंडगार होते. जुन्नर-पारनेरच्या माळावर त्या रात्री मेंढरांचे हेच झाले. लोकर कोरडी असते तोवर तिच्या धाग्यांत हवा अडकलेली असते आणि तीच ऊब धरते. तासन् तास पावसात लोकर पाण्याने भरली, आतली हवा गेली आणि वर वारा सुरूच होता. प्रत्येक मेंढरू म्हणजे ओले फडके गुंडाळलेला माठ झाले. पाय हलवायलाही ताकद उरली नाही.

पवित्र कुरआनात सूरह नहलमध्ये अल्लाहने आपल्या देणग्या सांगताना जनावरांपासून मिळणाऱ्या उबेचा खास उल्लेख केला आहे. ती ऊब आपल्याला देणारे जनावर स्वतः उबेवाचून मेले आणि त्याला आडोसा देऊ न शकलेला मेंढपाळ बाजूला बसून राहिला, हे चित्र विसरण्यासारखे नाही. आपले प्रेषित (स.) यांनी स्वतः बकऱ्या चारल्या होत्या आणि प्रत्येक पैगंबराने ते काम केले आहे, असे त्यांनी सांगितले. मेंढपाळाचे दुःख आपल्याला परके असू नये.

भाषेला आधीच माहीत होते

वारा आणि थंडी यांचे नाते शास्त्रज्ञांच्या आधी भाषांनी ओळखले होते. मराठीत थंडी वाजते, पण वारा झोंबतो. कोरड्या थंडीला आपण ‘कडाका’ म्हणतो आणि ओलसर थंडीला ‘गारठा’. अरबीत ‘सिर्र’ हा शब्द जाळणाऱ्या, चावणाऱ्या थंडीसाठी आहे. सूरह आलि इमरानमध्ये उभे पीक उद्ध्वस्त करणाऱ्या वाऱ्याचा दाखला आहे, त्यात हाच शब्द येतो. आद जमातीवर जो वारा आला त्याला कुरआनात ‘सरसर’ म्हटले आहे. अनेक मुफस्सिरांनी त्याचा अर्थ घोंघावणारा, कडाक्याचा थंड वारा असा केला आहे. उर्दूत आजही ‘सबा’ म्हणजे सुखद झुळूक आणि ‘सरसर’ म्हणजे विध्वंसक वारा.

हजरत आयशा (रजि.) सांगतात की आकाशात ढग किंवा वारा दिसला की प्रेषित (स.) यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटत असे, कारण आदच्या लोकांनीही ढग पाहून ‘आता पाऊस येणार’ म्हणून आनंद मानला होता. ज्यांच्यावर वही येत होती ते आकाशाकडे इतक्या गांभीर्याने पाहत. मग आपण मोबाइलवर आलेला पिवळा किंवा नारिंगी इशारा न वाचताच पुढे कसा सरकवतो?

खांदेश्वरच्या फलाटावरून

आमच्या खांदेश्वर, कामोठे, पनवेल भागात बर्फ नाही, हिमवादळ नाही. तरी वाऱ्याची थंडी रोज भेटते. डिसेंबरात पहाटे हार्बरची लोकल पकडून दारात उभे राहा. फलाटावर गोड वाटणारी हवा मानसरोवर येईपर्यंत कान बधिर करते. हवा तीच, गाडीने तिचा वारा केला.

गाडीच्या दारात आपण मर्जीने उभे राहतो. दुचाकीवरच्या लेकराला मर्जी विचारली जात नाही. सकाळच्या शाळेला जाताना अब्बांच्या पुढे, टाकीवर किंवा स्कूटरच्या पायाशी उभे असलेले चार-पाच वर्षांचे मूल ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यात असते. अब्बांच्या अंगावर जाकीट असते आणि वारा अडवायला ते मूलच पुढे असते! लहान मुलाचे शरीर आकारमानाच्या मानाने उष्णता लवकर गमावते. सर्दी झाली की आपण आईस्क्रीमला दोष देतो. मुलाला मधे बसवा, कान आणि छाती झाका, वारा आत शिरणार नाही असे वरचे कपडे घाला. जाड स्वेटरमधून वारा आरपार जातो. त्यावर साधा विंडचीटर चढवला तर ऊब टिकते.

दुसरी गोष्ट डोंगरांची. पनवेलपासून प्रबळगड, कलावंतीण, कर्नाळा, माथेरान जवळ. हिवाळ्यात शनिवारी रात्री तरुण मुले-मुली ट्रेकला निघतात. घामाने भिजलेला सुती टी-शर्ट, पाठीवर पाण्याची बाटली, आणि माथ्यावर सूर्योदयाची वाट पाहत तासभर बसणे. घामाने ओले अंग, उंचीमुळे चार-पाच अंश कमी तापमान आणि कड्यावरचा मोकळा वारा. माठाचा दाखला इथेही लागू पडतो. घरातून निघताना आई-वडिलांनी दोन गोष्टी पिशवीत पाहाव्यात : एक कोरडा जोड आणि एक वारा अडवणारे जाकीट. हवामान खात्याचा पावसाचा इशारा असेल तर सरळ ‘पुढच्या आठवड्यात जा’ म्हणावे. मौना केआवर वादळ येणार असले की रस्ताच बंद करतात. आपल्या घरी तो अधिकार आई-वडिलांचा.

दीनने दिलेली सवलत

थंडीत कष्ट सोसून नीट वुजू करण्याचे मोठे सवाब सांगितले आहे. पण कष्ट आणि इजा यांत फरक आहे, आणि दीनने तो फरक स्पष्ट केला आहे.

हिजरी सन ८ मध्ये जातुस्सलासिलच्या मोहिमेत कडाक्याच्या थंडीच्या रात्री हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्यावर गुस्ल वाजिब झाले. थंड पाण्याने आंघोळ केली तर जीव जाईल, अशी भीती त्यांना वाटली. त्यांनी तयम्मुम केला आणि साथीदारांना फजरची नमाज पढवली. परतल्यावर ही गोष्ट प्रेषित (स.) यांच्या कानावर गेली आणि त्यांनी विचारणा केली. अम्र (रजि.) यांनी, स्वतःचा जीव धोक्यात घालू नका, या अर्थाच्या कुरआनी आज्ञेचा आधार दिला. प्रेषित (स.) हसले आणि त्यांना काही म्हणाले नाहीत.

आज आपल्या घरात पाणी तापवण्याची सोय आहे, त्यामुळे आपला मसला सहसा सोपा आहे : पाणी कोमट करा आणि वुजू करा. पहाटे आजारी दादा-दादींनी बर्फासारख्या पाण्याने वुजू करण्यात कोणतीही जास्त परहेजगारी नाही. चामड्याच्या मोज्यांवर मसह करण्याची सवलत घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्री आहे. सुती किंवा लोकरी मोज्यांबाबत आणि तयम्मुमच्या अटींबाबत आपापल्या आलिमांना विचारावे. कोकणात बहुतेक शाफई आणि घाटावर बहुतेक हनफी असल्याने उत्तरात थोडा फरक पडू शकतो.

दुसरा प्रसंग आणखी महत्त्वाचा वाटतो. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी एका थंड, वादळी रात्री अजान दिली आणि अजानसोबत जाहीर केले की आपापल्या मुक्कामीच नमाज अदा करा. सफरीत थंडीची किंवा पावसाची रात्र असली की प्रेषित (स.) मुअज्जिनला अशीच घोषणा करायला सांगत, असे त्यांनी स्पष्ट केले. जरा विचार करा. जमातीचे एवढे महत्त्व असताना वारा आणि थंडी पाहून लोकांना मुक्कामीच थांबण्याची मुभा अजानच्याच आवाजात दिली गेली. त्या रात्री हवामानाचा इशारा मुअज्जिनच्या तोंडून लोकांपर्यंत पोहोचला.

थंडी भरली हे कसे ओळखावे?

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते. मग बोटे नीट चालत नाहीत, बटण लावता येत नाही, बोलणे अडखळते, चालताना तोल जातो. माणूस चिडचिडा किंवा सुस्त होतो, झोप येते म्हणतो. हुडहुडी थांबली आणि तरी माणूस उबेत आलेला नाही, तर ती बरे वाटण्याची खूण समजू नका. शरीराने हार मानल्याची ती खूण असू शकते. म्हाताऱ्या माणसांत आणि तान्ह्या बाळांत हुडहुडी फारशी दिसतही नाही. तान्हे बाळ निपचित पडले, दूध ओढेना आणि पोट-पाठ हाताला गार लागली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

अशा वेळी वाऱ्यातून आडोशाला न्या. ओले कपडे काढा, अंग हलक्या हाताने टिपून कोरडे करा, कोरड्या चादरीत किंवा रजईत गुंडाळा, डोकेही झाका. जमिनीचा गारवा लागू नये म्हणून खाली काहीतरी जाड घाला. ऊब छाती आणि पोटाला द्या. हात-पाय जोरजोरात चोळू नका आणि उकळत्या पाण्याची बाटली थेट कातडीला लावू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर गोड कोमट दूध किंवा चहा द्या. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका आणि लगेच १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

थंडीपासून वाचताना घरातच एक मोठा धोका तयार होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे किंवा खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर चालू ठेवून आंघोळ करणे. दोन्हींत कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा, झरोका उघडा ठेवा आणि शेगडी झोपण्यापूर्वी घराबाहेर काढा.

इशारा कोणापर्यंत पोहोचतो?

भारतीय हवामान खाते थंडीची लाट ठरवताना सगळ्या प्रदेशांना एकच मापदंड लावत नाही. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा कमी झाल्यावर विचार सुरू होतो. किनारपट्टीवर मात्र १५ अंश किंवा कमी आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी घट, एवढेही पुरते. म्हणजे शास्त्रानेही मान्य केले आहे की उष्ण मुलखातल्या माणसाला १५ अंशांची थंडीसुद्धा बाधू शकते. त्याचे घर, कपडे आणि सवयी थंडीसाठी नसतात. ‘मौसम’ ॲपवर हे इशारे मोफत मिळतात.

पण ज्याच्या हातात ॲप आहे त्याच्या डोक्यावर बहुधा छप्परही असते. इशाऱ्याची खरी गरज असते ती माळावर वाडा टाकलेल्या धनगराला. दिवाळीनंतर घाट उतरून हे लोक मेंढरे घेऊन कोकणातही येतात. रायगडातल्या वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाला, बांधकामाच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला, स्टेशनबाहेर झोपणाऱ्या म्हाताऱ्याला ती गरज असते. २०२१ मध्येही पावसाचा अंदाज होताच. पण नुसता अंदाज हातात घेऊन उघड्या रानात शेकडो मेंढरांना आडोसा कुठून आणायचा?

इथे आपली मशीद, आपला मोहल्ला काही करू शकतो. थंडी-पावसाचा इशारा आला की अजाननंतर किंवा नमाजनंतर दोन वाक्यांत तो सांगावा. जकात आणि सदक्यातून ब्लँकेट वाटताना फेब्रुवारीची वाट पाहू नये. डिसेंबर लागण्याआधीच वाटावीत. ब्लँकेटसोबत ताडपत्री द्यावी, कारण ओल्या ब्लँकेटची ऊब ओल्या लोकरीसारखीच जाते. खाली अंथरायला चटई किंवा पुठ्ठा द्यावा. वाटताना कोणाचे नाव, जात, धर्म विचारू नये. आणि रानात मेंढरे घेऊन कोणी थांबलेले असेल तर रिकामे गोदाम, शेड, मैदानावरचा मांडव एका रात्रीसाठी मोकळा करून द्यावा. एका रात्रीचा आडोसा म्हणजे त्या कुटुंबाची वर्षभराची रोजी.

थंडी आणणे किंवा थांबवणे आपल्या हातात नाही. वाऱ्यात उभ्या असलेल्याला भिंतीच्या आड घेणे मात्र आपल्या हातात आहे. येत्या गारठ्यात तेवढे तरी आपल्याकडून घडो, आमीन.